चांदण्यांची वही

परीक्षकाचे काम करणाऱ्या माणसाला एक खोड जडते. हातात कोणताही लिहिलेला कागद आला, की त्याची नजर आधी समासाकडे जाते. लग्नपत्रिकेत त्याला वधूवरांच्या नावांआधी ऱ्हस्वदीर्घाच्या चुका दिसतात, आणि किराण्याच्या यादीखालीही तो नकळत एकूण गुण लिहून टाकतो. गेली वीस-एक वर्षे मी मराठीच्या उत्तरपत्रिका तपासतो आहे. मे महिना आला, साक्रीचे ऊन गच्चीतून खाली घरात झिरपू लागले, कुलरची घरघर सुरू झाली, की माझ्या पुढ्यात लाल शाईचे पेन आणि एक शंभरपानी वही येते. त्या वहीत मी गुणांची नोंद ठेवतो.

गेल्या वर्षीच्या मे महिन्यात मी ती वही उघडली आणि पाहतो तो काय, वही माझी नव्हतीच! वही तशीच, पुठ्ठाही तसाच. पण आत आसनक्रमांकांऐवजी कादंबऱ्यांची नावे होती. प्रत्येक नावापुढे पिवळ्या स्केचपेनाने रंगवलेल्या चांदण्या. कुठे पाच, कुठे दोन, कुठे साडेतीन. अर्धी चांदणी अगदी पट्टी लावून अर्धीच रंगवलेली. शेवटच्या रकान्यात एकेका ओळीचा शेरा. अक्षर आमच्या कन्येचे. ती तेव्हा दहावीच्या निकालाची वाट पाहत होती आणि पुण्याच्या मावसबहिणीने पाठवलेला इंग्रजी कादंबऱ्यांचा गठ्ठा दुपारभर लोळून वाचत होती. आम्ही समजत होतो, पोर सुट्टी वाया घालवते आहे. पोर तर आमच्यापेक्षा शिस्तीत पेपर तपासत बसली होती!

दुसऱ्याची वही वाचू नये, हे मला कळत होते. पण परीक्षकाच्या हातातून तपासलेला गठ्ठा सुटत नाही. मी वाचत गेलो.

‘ट्वायलाइट’, दोन चांदण्या. शेरा : “ती झोपलेली असताना तो रात्रभर तिला बघत बसतो. तिला राग का येत नाही?” ‘द फॉल्ट इन अवर स्टार्स’, चार चांदण्या. शेरा : “रडले. पण लेखकाने रडवायचे आधीच ठरवले होते, म्हणून एक कापली.” ‘द हंगर गेम्स’, पाच. ‘द गिव्हर’, पाच, आणि त्यापुढे शेरा नाही, नुसते उद्गारचिन्ह. आणि पान उलटले तर या सगळ्या परदेशी मंडळींच्या पंगतीत आमचे वि. स. खांडेकर बसलेले! ‘ययाति’, तीन चांदण्या. शेरा : “तिघे बोलतात. पुरू बोलत नाही.”

वाचकहो, ‘ययाति’ला तीन! १९५९ सालची ही कादंबरी. १९६० चा साहित्य अकादमी पुरस्कार तिला मिळाला. १९७४ चे ज्ञानपीठ खांडेकरांना मिळाले, ते मराठीतले पहिले. एम.ए.च्या परीक्षेत मी तिच्यावर सोळा पाने लिहिली होती. कामना आणि संयम, ययातीची अतृप्ती, कचाचा त्याग, सगळे लिहिले होते. ययाती, देवयानी आणि शर्मिष्ठा हे तिघे आपापली कथा सांगतात, हे निवेदनतंत्राचे वैशिष्ट्य म्हणून अधोरेखितही केले होते. पण ज्याचे तारुण्य बाप मागून घेतो त्या मुलाला लेखकाने बोलायला एकही प्रकरण दिलेले नाही, हे माझ्या सोळा पानांत कुठेच नव्हते. आमच्या कन्येच्या एका ओळीत होते.

मी वही होती तशी मिटून ठेवली. मन मात्र मिटेना.

आता या पुस्तकांविषयी दोन शब्द सांगायला हवेत, कारण आपल्यापैकी पुष्कळ घरांत ती उशाशी पडलेली असतात आणि आपण त्यांची फक्त मुखपृष्ठे पाहिलेली असतात. इंग्रजीत यांना ‘यंग अडल्ट’ म्हणतात. बालपण सरले आहे, तारुण्य पुरते लागलेले नाही, अशा उंबरठ्यावरच्या मुलामुलींचे हे वाङ्मय. अमेरिकेत याची सुरुवात पुष्कळ जण एस. ई. हिंटन यांच्या ‘द आउटसायडर्स’पासून धरतात. ही कादंबरी १९६७ साली छापली गेली तेव्हा लेखिका अठरा वर्षांची होती. मोठ्यांनी आपल्याविषयी लिहिलेले तिला पटत नव्हते, म्हणून तिने स्वतःच लिहिले.

या वाङ्मयात दोन प्रकारांना फार मागणी. एक प्रेमकथा, ती समजावून सांगायला नको. दुसरा ‘डिस्टोपिया’. आपल्या भाषेत सांगायचे तर बिघडलेले रामराज्य. सगळे आखीवरेखीव, स्वच्छ, सुरक्षित. राजाला प्रजेची भारी काळजी. आणि त्या काळजीखाली माणूस गुदमरून गेलेला. मोठ्यांसाठी आल्डस हक्स्ले यांनी १९३२ साली आणि जॉर्ज ऑर्वेल यांनी १९४९ साली अशी राज्ये उभी केली. आपल्याकडे जयंत नारळीकरांनी ‘वामन परत न आला’मध्ये माणसापेक्षा शहाण्या यंत्राचे भय दाखवले. उंबरठ्यावरच्या वाचकांसाठी लोइस लौरी यांची ‘द गिव्हर’ १९९३ साली आली, सुझन कॉलिन्स यांची ‘द हंगर गेम्स’ २००८ साली, आणि त्यानंतर तर रांगच लागली.

मी ठरवले, कन्येने तपासलेल्या गठ्ठ्याचे पुनर्मूल्यांकन करायचे. विद्यापीठातही असतेच की ते! रात्री जेवणे झाली की गच्चीवर सतरंजी टाकावी, उशाशी शब्दकोश घ्यावा आणि तिने वाचून टाकलेले पुस्तक आपण उचलावे, असा क्रम सुरू झाला. आमच्या सौभाग्यवती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहेत. त्यांनी दोन दिवस पाहिले आणि तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, “अहो, या वयात प्रेमाच्या कादंबऱ्या? लोक काय म्हणतील?” मी म्हणालो, “पेपर तपासतोय.” त्यांचा विश्वास बसला नाही, पण चहा आला.

‘द हंगर गेम्स’ मी दोन रात्रींत संपवली. त्या राज्यात एक राजधानी आणि बारा जिल्हे आहेत. जिल्ह्यांनी पिकवायचे, खणायचे, विणायचे, राजधानीने भोगायचे. दर वर्षी प्रत्येक जिल्ह्यातून बारा ते अठरा वर्षांच्या वयातला एक मुलगा आणि एक मुलगी चिठ्ठी टाकून निवडायची आणि चोवीस जणांना एकमेकांशी मरेपर्यंत झुंजवायचे. राजधानी ते पडद्यावर मिटक्या मारीत पाहते. धाकट्या बहिणीची चिठ्ठी निघते तेव्हा सोळा वर्षांची कॅटनिस तिच्या जागी उभी राहते. गोष्ट क्रूर आहे. पण त्यात एक गंमत अशी, की रिंगणात तग धरायचा असेल तर तिला एका मुलाशी प्रेमाचे नाटक करावे लागते, कारण प्रेक्षकांना ते आवडते. आपले खरे काय आणि दाखवण्यासाठी केलेले काय, हे पुढे तिचे तिलाच कळेनासे होते. आजच्या मुलींना ही गोष्ट का भिडते, ते वेगळे सांगायला नको.

या पुस्तकाच्या कोऱ्या पानावर कन्येने पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहिले होते : “आपण कितवा जिल्हा?” मी थबकलो. त्या कादंबरीत पाचवा जिल्हा वीज करतो, अकरावा शेती. आमच्या साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्यांचे रान उभे आहे. शिवाजीनगरला २०१३ साली महानिर्मितीचा १२५ मेगावॉटचा सौरप्रकल्प सुरू झाला. सुरत-नागपूर महामार्गावरून कांद्याच्या गाड्या जातात. आणि इतकी वीज करणाऱ्या या मुलखातल्या शेतकऱ्याने पिकाला पाणी देण्यासाठी रात्रीबेरात्री उठावे, हेही आम्ही वर्षानुवर्षे पाहिले आहे. पोरीने अमेरिकेतली कादंबरी वाचली आणि प्रश्न मात्र कान नदीच्या काठावर बसून विचारला. हे वाचन वाया गेले असे कोण म्हणेल?

मग ‘द गिव्हर’ घेतली, आणि माझी गच्चीवरची झोप उडाली.

त्या गावात कुणी उपाशी नाही, कुणी भांडत नाही. रोज रात्री जेवताना घरातल्या प्रत्येकाने आपल्या दिवसभराच्या भावना सांगायच्या, असा नियमच आहे. मुले वयात येऊ लागली की सगळ्यांना रोज एक गोळी देतात, म्हणजे प्रेमबीम काही वाटत नाही. रंग दिसत नाहीत. नायकाला एकदा सफरचंद क्षणभर लाल दिसते, तर तो चक्रावून जातो. आणि बारावे वरीस लागले की समारंभ होतो. गावातली वडीलधारी मंडळी वर्षानुवर्षे मुलांचे निरीक्षण करतात आणि त्या दिवशी प्रत्येकाला त्याचे आयुष्यभराचे काम नेमून देतात. कुणावर जबरदस्ती नाही, ओरडणे नाही. सगळे भल्यासाठीच.

नायकाचे वडील त्या गावात तान्ह्या मुलांचा सांभाळ करतात. इतका गोड, हळुवार बाप मी कादंबरीत क्वचित पाहिला आहे. जुळी मुले जन्मली तर त्यातले हलके भरलेले मूल त्याला ‘मोकळे’ करावे लागते. ‘मोकळे करणे’ म्हणजे काय, हे आपल्याला शेवटी शेवटी कळते. तो त्या बाळाशी लाडीगोडीने बोलत बोलत त्याला सुई टोचतो आणि काम झाल्यावर त्याला तशाच गोड आवाजात निरोप देतो. त्याला आपण काही वाईट केले असे वाटतच नाही. त्या गावात तो शहाणा बाप आहे.

मी पुस्तक मिटले. खाली माझ्या टेबलाच्या खणात एक कागद होता, तो डोळ्यांसमोर आला.

तो कागद होता कन्येच्या अकरावीच्या प्रवेशाचा. अर्ज आता संगणकावर भरतात. पण मास्तरची सवय, मी आधी कागदावर कच्चा उतरवून ठेवला होता. शाखा : विज्ञान. गाव : धुळे. सोबत डॉक्टरकीच्या प्रवेशपरीक्षेचा क्लास. फीचे हप्तेही समासात मांडून झाले होते. तिला मी विचारले नव्हते. विचारायचे काय? ती एकदा जेवताना म्हणाली होती, “बाबा, मला कला शाखेत जायचंय, भाषा आणि इतिहास घ्यायचाय,” तेव्हा मी हसून म्हणालो होतो, “बघू हं,” आणि दुसऱ्या दिवशी कागद भरून टाकला होता. ओरडलो नाही, रागावलो नाही. सगळे भल्यासाठीच.

यातली लाजिरवाणी गोष्ट वाचकांपासून लपवून काय करायचे? मी मराठीचा प्राध्यापक. वर्गात उभा राहून मी मुलांना सांगतो, की भाषा हा माणसाचा प्राण आहे. आणि माझ्याच मुलीने तो प्राण शिकायचा म्हटला, तर माझ्या पोटात गोळा येतो. कारण मी आठ वर्षे तासिका तत्त्वावर काढली आहेत. महिन्याच्या शेवटी किती तास झाले त्याचा हिशेब करून किराणा भरला आहे. कला शाखेचे बाक दर वर्षी कसे रिकामे होत जातात, ते मी फळ्याजवळून पाहतो. माझे भय खोटे नव्हते. पण त्या गावातल्या वडीलधाऱ्यांचे तरी भय खोटे कुठे होते? जुन्या काळी झालेल्या हालांच्या धास्तीनेच तर त्यांनी सगळे रंग पुसले होते.

दुसऱ्या दिवशी मी कन्येला वही परत दिली आणि कबुलीही दिली. ती लाल झाली; रागावली; मग मी सगळी पुस्तके वाचल्याचे सांगितले तेव्हा तिचा राग आश्चर्यात बुडाला. मी परीक्षकाच्या थाटात विचारले, “हे गुण तू कशावर देतेस? कथानक, स्वभावचित्रण, भाषा, असं काही?”

“छे!” ती म्हणाली. “मी एकच बघते. शेवटी तिनं जे केलं, ते तिचं तिनं ठरवलं का? मग ते चुकलं तरी चालेल. पण तिच्यासाठी दुसऱ्यानंच ठरवलं असेल आणि लेखकालाही ते गोड वाटत असेल, तर मी चांदणी कापते.”

कादंबरीची मापे काढण्याचा उद्योग आपल्याकडे जुना आहे. ज्यांनी आपल्या आयुष्याची अखेर आमच्या धुळ्यात १९२६ साली केली, त्या इतिहासाचार्य राजवाड्यांनी १९०२ सालीच ‘कादंबरी’ नावाचा निबंध लिहून अद्भुत आणि वास्तव अशा पंगती मांडल्या होत्या. ना. सी. फडक्यांनी १९३१ साली ‘प्रतिभासाधन’ लिहून तंत्राची फूटपट्टी दिली. कला की जीवन, हा फडके-खांडेकर वाद तर आम्ही अजून वर्गात घालतो. पण सोळा वर्षांच्या वाचकाची फूटपट्टी निराळी असते, हे आम्हा शिकवणाऱ्यांच्या ध्यानात येत नाही. ती पोरे पुस्तकाची कला मोजत नाहीत; आपल्या आयुष्यात किती जागा आहे, ते पुस्तक लावून मोजतात.

मग मला उलगडले, की हे दोन प्रकार वरवर पाहता निराळे असले तरी त्यांचा प्रश्न एकच आहे. प्रेमकथा विचारते, माझा जोडीदार कोण ठरवणार? बिघडलेल्या रामराज्याची कथा विचारते, माझे काम, माझे नाव, माझे मरण कोण ठरवणार? म्हणून तर अशा प्रत्येक राज्यात राजा आधी प्रेमाचा बंदोबस्त करतो. हक्स्लेच्या राज्यात कुणी एकाचे होऊन राहणे हाच गुन्हा. ऑर्वेलच्या राज्यात दोन जीव चोरून भेटतात तेव्हाच सरकार हादरते. आणि ‘द गिव्हर’मध्ये ती रोजची गोळी. वयात आलेल्या मुलीला या दोन्ही प्रकारच्या कादंबऱ्या एका बैठकीत वाचाव्याशा वाटतात, यात नवल ते काय?

आपण मोठी माणसे मात्र ‘कादंबऱ्या वाचून मुली बिघडतात’ हे जुनेच पालुपद आळवतो. १८६१ साली हळब्यांची ‘मुक्तामाला’ आली, तेव्हापासून प्रेम आणि अद्भुत यांनी मराठी वाचकाला वेड लावले आहे, आणि तेव्हापासून वडीलधारी मंडळी काळजीत आहेत. मी स्वतः अकरावीत असताना सुहास शिरवळकरांची ‘दुनियादारी’ भूगोलाच्या पुस्तकात दडवून वाचली आहे. १९८२ सालची ती कादंबरी आमच्या हाती आली तोवर तिची पाने सुटी झाली होती. आम्ही ती पत्त्यांसारखी वाटून घेत असू. तिच्यामुळे मी बिघडलो असेन तर इतकाच, की मला मराठी घ्यावेसे वाटले. माझ्या वडिलांच्या मनात मी डी.एड. करावे असे होते. माझ्यासाठी त्यांनी ठरवलेले मी मोडले, आणि आज त्याच ठरवणाऱ्याच्या खुर्चीवर मी जाऊन बसलो होतो!

वर्गातल्या एका मुलीची आठवण इथे सांगितल्यावाचून राहवत नाही. द्वितीय वर्षाची मुलगी. लग्नसराईच्या दिवसांत ती ग्रंथालयातून नेलेली एक जाडजूड प्रेमकादंबरी परत करायला आली. सोबत स्वतःची लग्नपत्रिका. म्हणाली, “सर, अर्धीच वाचून झाली. शेवट सांगून टाका.” शेवट गोड होता, मी सांगितला. ती हसली आणि म्हणाली, “कादंबरीचा असतोच, सर.” पुढच्या सत्रात तिचा बाक रिकामा होता. तिने त्या पुस्तकाला किती चांदण्या दिल्या असत्या, हे मी तेव्हा विचारायला हवे होते.

कन्येशी बोलणे झाल्यावर मी तिला माझ्या कपाटातून हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो’ काढून दिली. १८९० सालापासून ‘करमणुकी’त क्रमशः आलेली आणि १८९३ साली पुस्तकरूप झालेली. यमू ही मुलगी आपली कहाणी स्वतःच्या तोंडाने सांगते. तिचे लग्न दुसऱ्यांनी ठरवलेले, आणि नवरा गेल्यावर डोक्यावरचे केसही दुसऱ्यांनीच बळजोरीने उतरवलेले. मला वाटले, सव्वाशे वर्षांपूर्वीची भाषा, पोरगी कंटाळेल. तिने चार दिवसांत संपवली. पाच चांदण्या. शेरा : “ही भविष्यातली नाही, घडून गेलेली आहे. म्हणून जास्त भीती वाटली.” बिघडलेले रामराज्य शोधायला अमेरिकेला जायला नको, हे हरिभाऊंनी आपल्याला केव्हाच दाखवले होते. आम्ही मात्र त्यांना ‘सामाजिक कादंबरीकार’ असे लेबल चिकटवून प्रश्नपत्रिकेत बसवले.

त्या दिवसांत संध्याकाळी आमच्या ओट्यावर एक पाठ रंगत असे. कन्या तिच्या आजीला, म्हणजे माझ्या आईला, वाचलेल्या गोष्टी सांगे. आई शाळेत गेलेली नाही. बोलते ती अहिराणी. ‘द गिव्हर’ची गोष्ट ऐकताना तिने मध्येच विचारले, “मंग तठे माय कोन शे?” कारण त्या गावात मुले जन्माला घालणाऱ्या बायका वेगळ्या आणि सांभाळणारी घरे वेगळी. आमच्या कुणाच्या ध्यानात न आलेला प्रश्न तिने पहिल्या फटक्यात विचारला. यमूची गोष्ट मात्र तिने शेवटपर्यंत गप्प बसून ऐकली. कन्या म्हणाली, “आजी, तिला कुणी विचारलंच नाही गं.” आई ओट्यावरचे दाणे निवडत म्हणाली, “माले कोन इचारेल व्हतं, माय?”

त्यावर कुणीच काही बोलले नाही. मी आईचा थोरला मुलगा. शेचाळीस वर्षांचा झालो, पण तिला मीही कधी विचारले नव्हते.

रात्री मी खणातला कागद काढला, फाडला, आणि एक कोरा कागद कन्येच्या टेबलावर ठेवला. वर फक्त तिचे नाव लिहिले. ती म्हणाली, “आणि चुकलं तर, बाबा?” मी म्हणालो, “मला भीती आहे ती मी तुला सगळी सांगतो. तास किती मिळतात, पगार किती मिळतो, सगळे आकडे सांगतो. मग तू ठरव.” दोन संध्याकाळी आम्ही आकड्यांतच घालवल्या. मी काही लपवले नाही, आणि खरे सांगायचे तर घाबरवण्यातही कसूर केली नाही. तिसऱ्या दिवशी तिने रकाना भरला : कला. खाली पालकाच्या सहीची जागा मी आखून ठेवली होती. तिथे मी सही केली. हात थोडा कापला. ते भय अजून गेलेले नाही, आणि जाईल असे वाटतही नाही. पण ते आता माझ्या नावावर आहे, तिच्या नावावर नाही.

दिवाळीत घरोघर फराळाबरोबर वाचनाचीही ताटे मांडली जातात. वाचकांना एकच सुचवावेसे वाटते. घरातल्या मुलाने किंवा मुलीने उशाशी ठेवलेले पुस्तक एकदा उचलावे आणि शेवटपर्यंत वाचावे. जप्त करण्यासाठी नव्हे, आणि उपदेशाला मुद्दे मिळावेत म्हणूनही नव्हे. मग त्याला आपले गुण द्यावेत आणि त्यांचे विचारावेत. दोन्ही गुणांत जिथे मोठा फरक पडेल, तिथेच आपल्या घरातली न बोललेली गोष्ट दडलेली असते. आमच्या वहीत आता दोन रकाने आहेत. ‘ट्वायलाइट’ला मी साडेतीन दिले, म्हणून घरात माझी थट्टा झाली, मला ती पावसाची वर्णने आवडली, त्याला काय करणार?

‘ययाति’वरून मात्र आमचा पुष्कळ वाद झाला. मी तिला सांगितले, की खांडेकरांची कादंबरी आली त्याच सुमारास गिरीश कार्नाड नावाच्या विशीतल्या तरुणाने, शिकायला ऑक्सफर्डला निघताना, घरच्यांच्या अपेक्षांचे ओझे डोक्यावर घेऊन, ययातीवरच कन्नडात नाटक लिहिले. खांडेकर तेव्हा साठी ओलांडलेले. त्या नाटकात पुरू बोलतो, आणि त्याची नवी नवरी चित्रलेखा सासऱ्याला जाबही विचारते. तिने ते मिळवून वाचले. मग एके दिवशी पुन्हा ‘ययाति’ काढून तिचा शेवटचा भाग वाचला.

परवा माझे पेन शोधताना वही उघडी पडली होती. ‘ययाति’च्या तीन चांदण्यांपुढे आणखी अर्धी रंगवलेली दिसली, पट्टी लावून. शेरा : “पुरू अजून बोलत नाही. पण ययातीला शेवटी आपली चूक कळते, म्हणून अर्धी वाढवली.”

ती अर्धी चांदणी खांडेकरांची की आणखी कुणाची, हे मी तिला विचारले नाही. गुण का दिले म्हणून परीक्षकाला विचारू नये, एवढे वीस वर्षांत मला कळले आहे.